झटका कुंपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (जनावर अडलं पाहिजे, जीव कुणाचाच जाता कामा नये)

झटका मशीन (जनावर अडवायला कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचे झटके सोडणारं मशीन) घ्यायचं ठरलं की प्रत्येकाच्या डोक्यात तेच तेच प्रश्न येतात, आणि अर्धवट माहितीवर कुंपण उभं केलं की एक तर ते चालत नाही, नाहीतर त्याच्याहून वाईट म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेततं. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय. लांबलंय, पण कुंपण उभारायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

झटका कुंपण म्हणजे तारेत लाइटचा करंट सोडायचा, एवढंच ना?

नाही. सगळ्यात आधी हेच डोक्यातून काढा. घरातली लाइन मग ती ११० व्होल्टची असो की २३० ची, तारेत थेट सोडली तर तो सापळा झाला, त्याला कुंपण म्हणायचंच नाही. तो करंट सतत वाहत असतो, त्याने हाताचे स्नायू आखडतात आणि माणसाला तार सोडताच येत नाही, साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हे व्हायला लागतं आणि ३० च्या पुढे काही क्षण जरी गेला तरी हृदयाचे ठोके बिघडायचा धोका असतो. घरातल्या वायरमधून याच्या कित्येक पट करंट सहज जातो. मग रात्री पाणी बघायला गेलेला माणूस असो, शेजारचं पोर असो, नाहीतर वाट चुकलेलं वासरू, तार कुणालाच ओळखत नाही. 'फक्त रात्रीपुरतं लावतो', 'मध्ये बल्ब जोडलाय म्हणून करंट कमी येतो', 'सगळ्यांना सांगून ठेवलंय' ही कारणं प्रत्येक जण देतो आणि जीव याच कारणांमागे गेलेत. बल्ब मध्ये लावला तरी त्यातून जीव घेण्याइतका करंट जातोच. आणि कायद्याने हा गुन्हा आहे, ती गोष्ट वेगळीच.

मग मशीनमधून पाच-दहा हजार व्होल्ट येतात तरी जनावर मरत कसं नाही?

कारण तो करंट सतत नसतो. मशीनच्या आत एक कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असतो, तो भरतो आणि एका झटक्यात तारेत रिकामा होतो, तोच 'टक्' आवाज. हा झटका एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि पुढचा झटका यायला निदान १ सेकंद जातो. या मधल्या सेकंदात स्नायू मोकळे होतात आणि जनावर मागे सरकतं, सगळी सुरक्षितता या एका सेकंदात आहे. आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६०३३५-२-७६) झटक्याच्या ऊर्जेला ५०० ओहम लोडवर (म्हणजे करंटला एवढा अडथळा असताना) ५ जूलची (जूल हे ऊर्जेचं माप) कमाल मर्यादा आहे आणि दोन झटक्यांमध्ये १ सेकंदापेक्षा कमी अंतर चालत नाही. म्हणून मशीन घेताना त्याच्यावर मानकाची खूण आहे का ते बघा. कुणी जुनं ट्रान्सफॉर्मर, गाडीची इग्निशन कॉइल असलं काही जोडून घरी बनवून देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा, त्यात झटका किती लांब आणि किती जोराचा पडेल यावर कुणाचाच ताबा नसतो.

कपॅसिटरवर चालणारं मशीन न्यूझीलंडच्या डग फिलिप्स यांनी १९६२ मध्ये बनवलं. त्याआधीच्या मशीनच्या तारेला थोडं गवत टेकलं तरी ती मशीन मान टाकायची. आजची मशीन त्याच तत्त्वावर चालतात.

किती जूलचं मशीन घ्यावं? खोक्यावर लिहिलेले किलोमीटर धरायचे का?

खोक्यावरचे किलोमीटर एकदम आदर्श परिस्थितीतले असतात, म्हणजे एकच तार, गवताचं एक पातंही टेकलेलं नाही आणि जमीन ओली. तुमच्याकडे चार तारा असतील तर १ किलोमीटर कुंपण म्हणजे ४ किलोमीटर तार होते हे आधी लक्षात घ्या. आणि 'स्टोअर्ड' जूल (मशीनच्या आत साठलेले) आणि 'आउटपुट' जूल (प्रत्यक्ष तारेत जाणारे) हे दोन वेगळे आकडे असतात, दुकानात मोठा आकडा सांगतात तो बहुतेक स्टोअर्ड असतो, तुम्ही आउटपुट विचारा. नुसतं मोठं मशीन घेऊन भागत नाही, अर्थिंग कमी असेल तर मोठ्या मशीनचा सगळा जोर वाया जातो.

अर्थिंगवर एवढा भर का देतात सगळे?

कारण अर्धं कुंपण जमिनीखाली असतं. करंट मशीनमधून तारेत जातो, तारेतून जनावराच्या अंगात, पायातून मातीत, आणि मातीतून परत अर्थिंगच्या रॉडमधून मशीनकडे येतो तेव्हा फेरा पूर्ण होतो आणि तेव्हाच झटका बसतो. पक्षी तारेवर निवांत बसतो त्याचं कारणही हेच, त्याचे पाय जमिनीला टेकलेले नसतात. आपण तारेवर पैसे घालतो, खांबांवर घालतो, आणि अर्थिंगला कुठली तरी गंजकी सळई एक हात ठोकून मोकळे होतो, मग मशीन टक्‌टक् करत राहतं आणि डुकरं खुशाल आत येतात. मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं आणि महिनाभर मशीनलाच दोष देत बसलो होतो.

निदान ३ रॉड, गॅल्व्हनाइज्ड, प्रत्येक दीड-दोन मीटर लांब, एकमेकांपासून ३ मीटर अंतरावर ठोका आणि एकाच अखंड तारेने क्लॅम्प लावून जोडा, नुसती तार गुंडाळू नका. मशीन मोठं असेल तर रॉड वाढवा. जागा कायम ओलसर राहते अशी निवडा. तांब्याची तार लोखंडी रॉडला जोडू नका, दोन वेगळे धातू ओलीत एकत्र आले की तो जोड खात जातो.

आणि एक गोष्ट कधीच करू नका, घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगला कुंपणाचं अर्थिंग जोडणं. दोन्हींमध्ये निदान १० मीटर अंतर पाहिजे. पाण्याचा पाइप, गोठ्याचा लोखंडी सांगाडा, हे पण नको. नाहीतर झटके कुंपणात बसायच्या ऐवजी पाण्याच्या टाकीजवळ बसतात आणि जनावरं पाणीच प्यायची बंद होतात.

अर्थिंग पुरेसं आहे हे कसं कळणार?

मशीन बंद करा. मशीनपासून निदान १०० मीटर लांब जाऊन दोन-चार लोखंडी सळया जमिनीत खोचा आणि तारेला टेकवून ठेवा, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करायचं. आता मशीन चालू करा आणि कुंपणाचं व्होल्टेज २००० च्या खाली आलंय का बघा, नसेल आलं तर परत बंद करून आणखी सळया टेकवा. मग शेवटच्या अर्थ रॉडपासून १ मीटरवर जमिनीत एक वेगळी सळई खोचून, रॉड आणि सळई यांच्यामध्ये कुंपणाच्या मीटरने व्होल्टेज मोजा. २००-३०० च्या वर दाखवत असेल तर रॉड वाढवा. ही तपासणी उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.

आमची जमीन मुरमाड, कोरडी, खडकाळ आहे. तिथे चालेल का?

चालेल, पण जोडणी बदलावी लागते. एक तार करंटची, तिच्या शेजारची तार अर्थची, अशा आलटून पालटून लावायच्या आणि अर्थच्या तारा मशीनच्या अर्थ टर्मिनलला जोडायच्या. जनावर आत घुसताना दोन्ही तारांना एकदम लागतं आणि माती कोरडी असली तरी झटका बसतो. मात्र दोन तारा सैल होऊन एकमेकींना टेकल्या की पूर्ण कुंपण बंद पडतं, तेव्हा ताण नीट ठेवा.

कुठल्या जनावराला किती तारा आणि किती उंचीवर?

मूळ गोष्ट अशी की तार जनावराच्या नाकासमोर आली पाहिजे. नाक ओलं असतं, तिथे केस नसतात आणि जनावर नवी वस्तू आधी नाकानेच बघतं.

झटका कुंपणाला सरावलेल्या मोठ्या गुरांना ७५ ते ९० सेंटिमीटरवर एक तार सुद्धा पुरते, बरोबर वासरं असतील तर खाली आणखी एक. डुकरांना, पाळीव असो की रान, तारा खालीच लागतात, साधारण २० आणि ४५ सेंटिमीटरवर. वर कितीही तारा लावा, डुक्कर खालूनच येणार. आणि डुकराला नाकावर झटका बसला तर ते मागे पळतं, पण खांद्यावर नाहीतर कानामागे बसला तर ते पुढेच मुसंडी मारतं आणि तार घेऊनच आत घुसतं, म्हणून उंचीत चूक करू नका. शेळ्या-मेंढ्यांना तीन-चार तारा लागतात, लोकर जाड असली की झटका पोचत नाही. हरणाचे केसही असेच, आतून पोकळ असल्यामुळे अंगाला तार घासली तरी त्याला काही कळत नाही, त्यात ते उडी मारतं, म्हणून उंच कुंपण किंवा मीटरभर अंतर सोडून दोन रांगा, हा उपाय करतात, कारण रुंदीचा अंदाज आला नाही की ते उडी घ्यायला कचरतं.

हत्तीचं वेगळं आहे. सुळ्यांतून करंट जात नाही हे त्याला कळतं आणि तो सुळ्याने तार तोडतो, नाहीतर झाड ढकलून कुंपणावर पाडतो. हत्ती असलेल्या भागात एकट्यादुकट्याने कुंपण उभारून भागत नाही, रोज देखभाल करणारी माणसं लागतात.

व्होल्टेज कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला मोजायचं. गुरांना तिथे २०००-३००० व्होल्ट पुरतात, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरांना ४००० च्या वर हवेत.

जनावराला कुंपण 'शिकवावं' लागतं म्हणतात, म्हणजे काय?

झटका कुंपण हे जनावराच्या मनातलं कुंपण आहे. त्या एका बारीक तारेत अडवायची ताकद नसते, ताकद असते ती पहिल्या झटक्याच्या आठवणीत. म्हणून नवीन जनावर एकदम मोठ्या रानात सोडू नका. मागे पक्की भिंत किंवा जाळी असलेल्या छोट्या जागेत आतल्या बाजूने झटक्याची तार लावा आणि दोन-तीन दिवस तिथेच दिवसाउजेडी राहू द्या.

माझी एक कालवड आठवते. तारेवर बांधलेली पांढरी पट्टी वाऱ्याने हलत होती, ती मान लांब करून हळूहळू पुढे आली, नाकपुड्या फुगवल्या, आणि ओलं नाक तारेला लागलं तसा 'टक्' झाला. चारही पाय उचलून मागे गेली, फुसफुसली, आणि मग पुढचा तासभर त्या पट्टीकडे टक लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी पट्टीपासून चार हात लांबून चरत होती. एवढंच पाहिजे असतं. तिला हाकलत, ढकलत तारेवर कधीच नेऊ नका, घाबरलेलं जनावर मागे वळायच्या ऐवजी तार तोडून पुढे पळतं आणि तेवढंच शिकतं.

रानटी जनावरांना शिकवायला कुणी नसतं, म्हणून त्यांच्यासाठी कुंपण पहिल्या रात्रीपासून पूर्ण जोरात चालू पाहिजे. तार ओढून ठेवली आणि मशीन आठ दिवसांनी आलं, असं झालं की तोवर डुकरांना कळलेलं असतं की या तारेत काही दम नाही.

आधीचं काटेरी तारेचं कुंपण आहे, त्यातच झटका सोडला तर?

अजिबात नाही. काट्यात अडकलेल्या जनावराला किंवा माणसाला लगेच सुटता येत नाही आणि सेकंदाला एक झटका बसतच राहतो. काटेरी कुंपण ठेवायचं असेल तर ठेवा, झटक्याची साधी तार आतल्या बाजूला लांब दांड्याच्या इन्सुलेटरवर वेगळी घ्या.

तार, इन्सुलेटर, केबल यात काय बघायचं?

कायमच्या कुंपणाला २.५ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) तार. प्लास्टिकच्या दोरीत बारीक स्टीलचे धागे असतात ती दोरी हलवायच्या कुंपणाला बरी, लांब अंतराला नको, तिच्यात व्होल्टेज खूप पडतं आणि आतले धागे तुटलेले बाहेरून दिसत नाहीत.

इन्सुलेटर उन्हात टिकणारे घ्या. पाण्याच्या पाइपचे तुकडे, बाटल्या, ट्यूबचे रबर असलं सगळं लोक लावतात आणि दोन उन्हाळ्यात ते तडकतं.

मशीनपासून कुंपणापर्यंत आणि गेटखालून न्यायची केबल ही कुंपणासाठीचीच, १५-२० हजार व्होल्ट सहन करणारी घ्या. घरातल्या फिटिंगची वायर हजारभर व्होल्टच्या हिशोबाने बनवलेली असते, जमिनीखाली ती गळायला लागते आणि फॉल्ट दिसतही नाही. गेटच्या हँडलची जोडणी अशी ठेवा की हँडल काढल्यावर लोंबणाऱ्या तारेत करंट राहणार नाही. उलट जोडलेली गेट मी कितीतरी बघितलीत.

एका कुंपणाला दोन मशीन लावली तर जोर वाढेल का?

नाही, आणि हे धोक्याचं आहे. दोघांचे झटके वेगवेगळ्या वेळी पडतात आणि मधली एक सेकंदाची मोकळीक जाते. दोन वेगळी कुंपणं शेजारी असतील तर त्यांच्यात निदान अडीच मीटर अंतर ठेवा म्हणजे एकाच वेळी दोन्हींना हात लागणार नाही.

गवत तारेला टेकलं तर एवढं काय बिघडतं?

एका पात्याने काही नाही, पण शंभर मीटरभर ओलं गवत टेकलं की प्रत्येक पात्यातून थोडा थोडा करंट जमिनीत उतरतो आणि सकाळी दव पडलेलं असताना व्होल्टेज निम्म्यावर आलेलं दिसतं. आणि वाळलेल्या गवताचं दुसरंच भय, ठिणगी पडून आग लागू शकते. कडक उन्हात, वारा सुटलेला असताना तारेखालची पट्टी साफ पाहिजेच, नसेल तर मशीन बंद ठेवा.

मशीन चालू आहे पण झटका बसत नाही. फॉल्ट कसा शोधू?

पहिल्यांदा कुंपणाची तार मशीनपासून काढा आणि नुसत्या मशीनचं व्होल्टेज मोजा. तिथे भरपूर असेल तर दोष कुंपणात आहे. मग अर्ध्यावर तार तोडून, म्हणजे कटआउट स्विच (कुंपणाचा पुढचा भाग वेगळा करणारा स्विच) असेल तर तो पाडून, कुठल्या अर्ध्यात दोष आहे ते बघा, मग त्याच्या अर्ध्यात, असं करत जायचं. हे कटआउट स्विच सुरुवातीलाच लावून घ्या, नंतर आयुष्यभर दुवा द्याल. जोडणी-तोडणी करताना दर वेळी मशीन बंद.

एकदा दोन दिवस दिवसाउजेडी शोधून मला काही सापडेना. शेवटी अंधार पडल्यावर टॉर्च बंद करून कुंपणाच्या कडेने चालत गेलो, वारा नव्हता, आणि एका कोपऱ्याच्या खांबाजवळ बारीक 'टिक् टिक्' ऐकू आलं. जवळ वाकून बघितलं तर इन्सुलेटरला केसाएवढी चीर आणि सेकंदाला एकदा त्यातून निळी ठिणगी खांबात जात होती. दिवसा ती चीर हात लावूनही दिसली नसती. तेव्हापासून फॉल्ट सापडला नाही की मी रात्रीची वाट बघतो.

गवताची काडी तारेला लावून बघायची पद्धत आहे, पण तिने फक्त करंट आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. डिजिटल मीटर घ्या आणि रोज एकदा आकडा बघा.

लहान मुलं, वयस्कर माणसं, पेसमेकरवाले यांचं काय?

चांगल्या मशीनचा झटका निरोगी माणसाला जोरात लागतो पण सहसा इजा करत नाही. खरा धोका असतो डोक्याला, मानेला किंवा छातीला झटका बसण्यात आणि तारांमध्ये अडकून पडण्यात. म्हणून तारांखालून सरपटत जायचं नाही, मधून वाकून जायचं नाही, गेटमधूनच ये-जा करायची, आणि हा नियम मोठ्यांनी पाळला तरच पोरं पाळतात. लहान पोरांना कुंपणाजवळ एकटं सोडू नका. पेसमेकर असलेल्यांनी लांबच राहावं आणि घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

रस्त्याच्या, पायवाटेच्या कडेला बोर्ड लावा, पिवळ्या रंगावर काळी खूण, निदान १० बाय २० सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंनी दिसणारा. वाचता न येणाऱ्यालाही कळलं पाहिजे म्हणून तारेला हात लावल्याचं चित्र हवंच. 'इथे सगळ्यांना माहितीये' हे कारण नको, ज्याला माहिती नाही त्याच्यासाठीच बोर्ड असतो.

वरून विजेची लाइन गेलीये, खाली कुंपण घालू का?

शक्य असेल तर टाळा. पर्याय नसेल तर लाइन काटकोनात ओलांडा, तिच्या खाली समांतर तार ओढू नका, आणि तिथे कुंपणाची उंची ३ मीटरच्या वर नको. विजेच्या खांबाला कुंपणाची तार बांधणं तर विसराच. वरची लाइन तुटून कुंपणावर पडली तर सगळं कुंपण मेन लाइन होतं, तेव्हा त्याला हात न लावता वीज कंपनीला कळवा आणि लोकांना लांब ठेवा.

आभाळात कडकडाट सुरू झाला की कुंपणाच्या तारेचं काम थांबवा. वादळ यायच्या आधी मशीन लाइनपासून आणि कुंपणापासून दोन्हीकडून काढून ठेवलं तर वाचतं.

बॅटरी आणि सोलरवर चालणारं मशीन जास्त सुरक्षित ना?

झटका तेवढाच असतो, तेव्हा सगळे नियम तेच. सोय एवढीच की लाइट गेली तरी कुंपण चालू राहतं. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका, आयुष्य कमी होतं. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून डब्याला हवा खेळती ठेवा. आणि कुंपणाला जोडलेलं असतानाच मशीनच्या बॅटरीला कुठलाही साधा चार्जर लावू नका, स्वस्त चार्जर आतून बिघडला तर मेन लाइन थेट तारेत येऊ शकते. बॅटरी काढा, वेगळी चार्ज करा, परत लावा. पॅनलवरची धूळ पुसायची कुणाला आठवण राहत नाही, ती ठेवा.

कासव, बेडूक असल्या छोट्या जीवांचं काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे. झटका बसला की पळायचं, या एका गोष्टीवर सगळं कुंपण आधारलेलं आहे. पण कासव पळत नाही, ते पाय आत ओढून तारेखालीच बसतं आणि झटके खात राहतं. खवले मांजर अंगाची गुंडाळी करतं, कधी कधी तारेभोवतीच. त्यांच्यासाठी सेकंदाची मोकळीक काही कामाची नाही. दक्षिण आफ्रिकेत हे दोन्ही जीव असेच मरतात. म्हणून डुकरांचा त्रास नसेल तर खालची तार २५-३० सेंटिमीटरच्या खाली ओढू नका, आणि ओढावीच लागली तर ती वेगळ्या स्विचवर ठेवून गरज नसेल तेव्हा बंद करा, आणि सकाळची फेरी चुकवू नका.

करंटच्या जाळीत शिंगवाल्या शेळ्या आणि कोकरं मान अडकवून घेतात, तिथे तर दिवसातून दोनदा फेरी पाहिजे.

कुणी अडकलेलं दिसलं तर आधी काय करू?

आधी मशीन बंद, मग हात. मशीनचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहिती पाहिजे. तारेत मेन लाइन आली असल्याची जरा जरी शंका आली तरी माणसाला शिवू नका, मेन स्विच पाडा. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर मदतीला फोन करून लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, बरा वाटला तरी दवाखान्यात नेऊन दाखवा.

जनावर अडकलं असेल तर मशीन बंद करून सरळ तार कापा, तार परत जोडता येते. डोक्यावर कापड टाकलं तर ते जरा शांत होतं आणि तुम्हाला शिंग लागत नाही.

हंगाम संपल्यावर कुंपण तसंच राहू दिलं तर चालेल?

मशीन काढून नेलं आणि तार तशीच सोडली तर दोन गोष्टी होतात. जनावरांचा धाक जातो, पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून शिकवावं लागतं. आणि सैल पडलेली तार गवतात लपते, तिच्यात पाय अडकतात, शिंगं अडकतात. हलवायचं कुंपण असेल तर दोरी रिळावर गुंडाळून, खांब मोजून आत ठेवा. कायमचं असेल तर ताण तपासून चालूच ठेवा. आणि जुन्या तारेचे कापलेले तुकडे उचलायला विसरू नका, चाऱ्यातून ते गुरांच्या पोटात जातात.